नवे रूळ, जुना डबा



२०२२ च्या श्रावणातली गोष्ट. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी चार दिवस गेलो होतो. आमच्या थोरल्या वहिनी अंगणवाडीत सेविका आहेत. संध्याकाळी चहा झाला, भांडी विसळून झाली, आणि वहिनींनी पदराला हात पुसत आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही कालेजात शिकवता, जरा ह्याच्याकडं बघा. परवा रातीपर्यंत बरा चालत हुता. 'अपडेट करा, अपडेट करा' म्हणून आठ दिस मागं लागला हुता, म्हणून एकदाचं बोट लावलं. आता हजेरी भरायची म्हटलं तर पोरं जेवून घरला जात्यात तरी ह्यो उघडत न्हाई."

मी फोन उलटासुलटा करून पाहिला. चार वर्षांपूर्वी नऊ हजारांना घेतलेला. काच शाबूत, बटणे शाबूत. तो कुठे आपटला नव्हता की पाण्यात पडला नव्हता. म्हैस आटते तर तिचे वय दिसते, नांगराचा फाळ झिजतो तर तो डोळ्यांना दिसतो. इथे वरून काहीच दिसत नव्हते आणि तरीही ते यंत्र एका रात्रीत म्हातारे झाले होते.

मी पडलो इतिहासाचा अध्यापक. मोबाइलची दुरुस्ती हा माझा विषय नव्हे, आणि तसे मी वहिनींना सांगितलेही. परंतु रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात आले की, हा प्रश्न तसा माझ्याच विषयातला आहे. नवी गोष्ट येते तेव्हा लोकांच्या हातात असलेल्या जुन्या साधनाचे काय होते? ते चालत राहते, की कोणी तरी दूर बसून त्याच्या पायाखालची वाट बदलून टाकतो? या प्रश्नाला आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात चांगली शंभर-सव्वाशे वर्षांची हकीकत आहे. ती आधी सांगतो. मोबाइलकडे मग वळू.

मिरजेचे स्टेशन तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पुण्याहून मिरजेवरून लोंढ्याकडे जाणारा रेल्वेमार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला. सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने तो घातला आणि तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधले अंतर एक मीटर. १८९१ साली कोल्हापूर संस्थानने मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत फाटा नेला. पुढे १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी मिरजेला येऊन मिळाली. तिचे रूळ तर अवघे अडीच फूट रुंदीचे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली तेव्हा फार विचार करून तिचे गणित बसवले होते. रूळ हलका, यार्डाला तीस पौंड वजनाचा. म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडायचा नाही असा नियम. इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळे त्या पाच टनांच्या हिशेबात बनवलेले. रुळाला जेवढे पेलते तेवढेच त्यावर घालायचे, हे त्या माणसाने कागदावर आधीच ठरवले होते. हा पाच टनांचा नियम ध्यानात ठेवा, पुढे मला तो लागणार आहे.

मग १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग ब्रॉडगेज झाला. रुळांमधले अंतर साडेपाच फूट. मिरजेच्या दक्षिणेला मात्र मीटरगेजच राहिली, ती नव्वदच्या दशकापर्यंत. आणि पंढरपूरची छोटी गाडी तर २०१० च्या आसपासपर्यंत टिकली. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे मिरज हे तीन रुंदीच्या रुळांचे जंक्शन होते. मुंबईहून आलेला माल बंगळूरकडे जायचा तर एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायचा. हमालाच्या पाठीला काम मिळाले, व्यापाऱ्याचा वेळ गेला, पोती फाटली ती वेगळीच.

आता यातली बारीक गोष्ट पाहा. १९७१ मध्ये मीटरगेजचा एकही डबा मोडला नव्हता. चाके फिरत होती, बाके घट्ट होती. तरी त्या मार्गापुरता तो डबा निरुपयोगी झाला, कारण त्याच्याखालचा रूळ बदलला. आणि दुसरी गोष्ट अशी की, रूळ बदलले म्हणून कराडच्या किंवा किर्लोस्करवाडीच्या उतारूला स्वतःच्या पैशाने नवा डबा घ्यावा लागला नाही. रूळही रेल्वेचे आणि डबाही रेल्वेचा. जी बदल करणार तिनेच बदलाचा खर्च सोसायचा. आज तुमच्या खिशातला डबा तुमचा आहे, रूळ मात्र दुसऱ्याचे. साऱ्या भांडणाचे मूळ मला इथे दिसते.

या उलट उदाहरण पाहायचे तर ज्या माध्यमातून मी बोलतो आहे त्या रेडिओचेच पाहा. १९५६ साली पुणे केंद्रावरून 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा एक प्रयोग झाला. युनेस्कोने त्याला साह्य केले होते. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यात होती. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव पुढे १९६० मध्ये मिळाले. गावात सार्वजनिक सेट असायचा, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. मंडळी जमायची, ऐकायची, मग आपसात चर्चा करायची आणि शंका पत्राने केंद्राला कळवायची. त्यातला एखादा सेट जर कोणी जपून ठेवला असेल आणि त्याचे व्हॉल्व्ह शाबूत असतील, तर त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीही तो मीडियम वेव्हचे केंद्र लावू शकला असता. मधल्या काळात केंद्रे वाढली, सांगलीला १९६३ मध्ये आपले केंद्र आले, प्रक्षेपक बदलले, स्टुडिओ बदलले. पण लहरींवर आवाज चढवण्याची रीत तीच ठेवली गेली.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याकडे लाकडी पेटीचा एक सेट होता, आणि पोस्टात त्याचे लायसन भरल्याच्या पावत्या ते पोथीसारख्या बांधून ठेवत. ते एक गंमत सांगत. १९७८ च्या नोव्हेंबरात एके दिवशी सांगली केंद्र नेहमीच्या जागी नीट लागेना. वडिलांना वाटले, सेट बिघडला. काटा केसभर सरकवला, आणि आवाज स्वच्छ झाला. झाले होते असे की, जिनिव्हाला १९७५ मध्ये ठरलेली एक योजना २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली आणि मीडियम वेव्हवरची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पटीतल्या आकड्यांवर बसवण्यात आली. सांगली केंद्राचा परिचयाचा आकडा १२५१. त्याला नवाने भाग देऊन पाहा : १३९ येतात, बाकी शून्य. गुरुजनांनी हे वर्गात करून दाखवायला हरकत नाही. जगातल्या कितीतरी देशांत एकाच दिवशी झालेला हा एवढा मोठा बदल. पण खेड्यातल्या ऐकणाऱ्याला त्यासाठी काय करावे लागले? काटा केसभर सरकवावा लागला.

दूरदर्शनचेही तसेच. १९८२ मध्ये आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. ज्यांच्या घरी काळा-पांढरा सेट होता त्यांचा पडदा त्या दिवशी कोरा पडला नाही. रंगाची माहिती मूळच्या चित्राबरोबर अशा खुबीने पाठवली जाते की, जुना सेट ती बाजूला ठेवतो आणि आपले काळे-पांढरे चित्र दाखवीत राहतो. ही खुबी आपोआप घडलेली नाही. जुन्या सेटवाल्यांना सोडायचे नाही, असे आधी ठरले आणि मग इंजिनियरांनी डोके चालवले. अर्थात रेडिओनेही नेहमीच असे केले असे मी म्हणणार नाही. आकाशवाणीने पुढे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले; त्यासाठी नवा सेटच लागतो, आणि तो फारसा कोणाच्या घरात पोचला नाही.

आता मोबाइल. मोबाइल हे अर्धे यंत्र आहे आणि अर्धे लिखाण. काच, धातू, बॅटरी हे यंत्र. त्या यंत्राने काय कसे करायचे याच्या आज्ञा म्हणजे लिखाण, त्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो. यंत्र एकदा घडले की घडले. लिखाण मात्र दुरून, हवेतून, रात्रीच्या रात्रीत बदलता येते. हा बदल म्हणजे अपडेट. नांगर बनवणारा कारखाना तुमच्या शिवारात रात्री येऊन नांगराचे वजन बदलून जाऊ शकत नाही. मोबाइलची कंपनी ते करू शकते. इतिहासात साधन आणि साधनाचा मालक यांच्यामध्ये असा तिसरा माणूस कायमचा उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

अपडेट दोन जातींचे असते, हा भेद करायला शिकले पाहिजे. एक असते डागडुजीचे. लिखाणात चूक सापडते, त्या फटीतून चोर आत शिरू शकतो, ती फट लिंपायची. हे लहान असते आणि ते घ्यावेच, विशेषतः ज्यांच्या फोनवर बँकेचा व्यवहार आहे त्यांनी. दुसरे असते नव्या आवृत्तीचे. त्यात घराची मांडणीच बदलते, नव्या सोयी येतात, आणि जुना फोन दमतो तो बहुधा याच वेळी.

का दमतो? आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. धान्याची कोठी असते, स्वयंपाकाचा ओटा असतो आणि चूल असते. मोबाइलात फोटो, गाणी, अॅप साठवण्याची जागा ही कोठी. काम चालू असताना जिन्नस पसरायची जागा, जिला रॅम म्हणतात, तो ओटा. आणि प्रोसेसर ही चूल. फोन घेतला तेव्हा ओटा चार माणसांच्या स्वयंपाकाला पुरत होता. नवी आवृत्ती बनवणारा कारागीर आपल्यासमोर नवा, मोठ्या ओट्याचा फोन ठेवून काम करतो, आणि मोठी भांडी पाठवून देतो. मग एक भांडे मांडायचे तर दुसरे उचलून कोठीत ठेवावे लागते, ते हवे झाले की पुन्हा काढावे लागते. या उचलठेवीत जो वेळ जातो त्यालाच आपण फोन 'हँग होतो' म्हणतो. कोठी गच्च भरलेली असेल तर हे काम आणखी सावकाश चालते. त्यात पुन्हा नुसती फोनची मूळ आवृत्ती वाढते असे नाही. त्यावरची अॅपसुद्धा महिन्या-महिन्याला फुगत असतात. तुम्ही मोठे अपडेट नाकारले तरी ही चरबी वाढतच राहते.

कॅलथ्रॉपचा पाच टनांचा नियम मी ध्यानात ठेवायला सांगितला होता तो याच्यासाठी. रूळ किती पेलेल हे ज्याने रूळ घातला त्याला ठाऊक असते. मोबाइलच्या बाबतीत जुन्या ओट्याला किती पेलेल हे कंपनीला पक्के ठाऊक असते, तरी वजन चढवण्याचा मोह सुटत नाही. मोह सुटलाच नाही असेही नव्हे. गूगलने २०१७ मध्ये एक जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या स्वस्त फोनसाठी अँड्रॉइडची 'गो' नावाची हलकी आवृत्ती काढली, ती याच जाणिवेतून. पण ती नव्या स्वस्त फोनांसाठी होती. लोकांच्या हातात आधीपासून असलेल्या जुन्या फोनांवर तिने कोणी येऊन उपकार केले नाहीत.

या तक्रारीचा इतिहासही वाटतो त्यापेक्षा जुना आहे. अॅपलचा पहिला आयफोन २००७ मध्ये आला, अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये. जून २०१० मध्ये अॅपलने आपल्या प्रणालीची चौथी आवृत्ती दिली, आणि दोन वर्षांपूर्वीचा आयफोन थ्री-जी तिच्या ओझ्याखाली अक्षरशः रांगू लागला. सप्टेंबरात सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा कोठे त्याला थोडा श्वास घेता आला. तेव्हापासून लोकांत एक कुजबूज सुरू झाली की, कंपन्या नवा माल खपावा म्हणून जुने फोन मुद्दाम मंद करतात.

ही कुजबूज २०१७ मध्ये खरी ठरली की खोटी, यावर वाद घालता येईल, म्हणून जरा थांबून सांगतो. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिच्यातून एकदम जोराचा प्रवाह निघू शकत नाही. मग तीस-चाळीस टक्के चार्ज दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो. यावर अॅपलने जानेवारी २०१७ च्या अपडेटमध्ये एक तोड घातली : बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवायचा. म्हातारा बैल आहे, त्याला चढावर पळवू नका, असाच हा विचार. विचार म्हणून तो चुकीचा नव्हता. परंतु ही गोष्ट मालकाला सांगितली नाही. डिसेंबरात वेग मोजणाऱ्या जाणकारांनी आकडे मांडले तेव्हा कंपनीने कबुली दिली, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांच्यापैकी कितीकांनी तोपर्यंत बॅटरीऐवजी आख्खा फोनच बदलून टाकला असेल! इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अॅपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. जुन्या फोनला न पेलणारी अपडेट ग्राहकांच्या गळ्यात घातली, हा ठपका. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अॅपलला अडीच कोटी युरोचा दंड केला, तोही फोन मंद केल्याबद्दल नव्हे, तर न सांगता केल्याबद्दल. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. बैल हळू हाका, पण ज्याचा बैल त्याला सांगून हाका.

फोन मंद होणे एक, आणि त्याला दारच बंद होणे दुसरे. खेड्यापाड्यांत ज्यांनी नोकियाचे बटणांचे फोन वापरले त्यांना हे आठवत असेल. त्यातल्या बऱ्याच फोनांवर व्हॉट्सअॅप चालत असे. ३० जून २०१७ नंतर नोकियाच्या सिंबियन फोनांवरून ते बंद झाले, ३१ डिसेंबर २०१८ नंतर एस-फॉर्टी जातीच्या फोनांवरून. फोन चालू, बॅटरी चालू, पण लेकीचा फोटो येईना. हा तर नेमका मिरजेचा मीटरगेजचा डबा. फरक एवढाच, की इथे नवा डबा ज्याचा त्याने घ्यायचा.

आणि आता आमच्या वहिनींच्या कहाणीकडे येतो. ती त्यांच्या एकटीची नाही, महाराष्ट्रातल्या लाखभर बायकांची आहे.

२०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाइल दिले. मुलांची वजने, उंची, हजेरी, गरोदर मातांच्या नोंदी हे सारे वहीऐवजी फोनवर भरायचे, असे ठरले. बायकांनी ते शिकून घेतले. ज्यांनी आयुष्यात कधी असे यंत्र हाताळले नव्हते अशा पन्नाशीच्या बायकांनीही शिकून घेतले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. फोनचा ओटा दोन जीबीचा. ज्या अॅपसाठी तो दिला होता ते त्यावर रडतखडत का होईना, पण चालत असे. मग १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारचे 'पोषण ट्रॅकर' हे नवे अॅप आले आणि जुने गेले. म्हणजे रूळ बदलले. नवे अॅप दोन जीबीच्या ओट्यावर मावेना. फोन तापू लागले, बंद पडू लागले. हमीची दोन वर्षे त्याच सुमाराला संपत आलेली. दुरुस्तीला हजारांनी पैसे लागत, आणि सेविकेचे मानधन तेव्हा महिन्याला ८,३२५ रुपये. त्यातच अॅप इंग्रजीत. त्या प्रश्नाचे भांडण तर उच्च न्यायालयापर्यंत गेले.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी एक निराळेच आंदोलन केले. त्यांनी काचा फोडल्या नाहीत, रस्ते अडवले नाहीत. मोर्चाने प्रकल्प कार्यालयात गेल्या आणि सरकारने दिलेले फोन टेबलावर ठेवून परत आल्या. 'मोबाइल वापसी' असे त्याला नाव पडले. वहिनींनीही ठेवला. "पिशवीत घालून न्हेला आणि सायबाम्होरं ठेवला," त्या सांगत होत्या. "म्हटलं, ह्यो तुमचा तुमच्यापाशी राहू द्या. आमचं काम आमी वहीत करतो." इतिहासात असहकाराचे धडे शिकवताना मी परदेशी कापडाच्या होळ्यांबद्दल बोलतो, या टेबलावर ठेवलेल्या फोनांबद्दलही बोलले पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटते.

पण वहीवर भागले नाही. नोंद ट्रॅकरवर दिसली तरच काम झाले असे धरले जाऊ लागले. मग वहिनींनी घरचा फोन कामाला जुंपला, तोच श्रावणात माझ्यापुढे आला होता. पुढे २० फेब्रुवारी २०२३ पासून सेविकांचा राज्यव्यापी संप झाला. मानधनवाढीबरोबर चांगल्या नव्या फोनची मागणी त्यात होती. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मानधन १०,००० रुपये झाले. ट्रॅकर मात्र तेवढ्यावर थांबला नाही. २०२५ मध्ये घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. म्हणजे ओट्यावर आणखी एक मोठे भांडे आले. फोन दमला तर आता नुसती हजेरी राहत नाही, एखाद्या बाळंतिणीच्या आहाराची पिशवी अडकते. शहरात बसून फोन दोन सेकंद उशिरा उघडतो म्हणून कुरकुरणे वेगळे आणि हे वेगळे.

जगात याबाबत काहीच हालचाल नाही असे नाही. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे अपडेट देण्याचा शब्द दिला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले. फोनची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षे त्याच्या अपडेटची सोय ठेवावी, सुटे भाग मिळावेत, असे त्यात आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारने एक पोर्टल उघडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अपडेटनंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅपलला नोटीस दिली. तक्रार करायला दार आहे एवढे तरी यातून दिसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवायला खर्च येत नाही. पण सात वर्षांचा शब्द सत्तर हजारांच्या फोनला आहे. नऊ हजारांच्या फोनला बहुधा एक-दोन मोठी अपडेट मिळतात, आणि तीही कधी कधी त्याच्या ताकदीबाहेरची. हलक्या रुळावर जड इंजिन घालायचे नाही, हे १८९७ साली बार्शीच्या माळावर कळत होते.

वहिनींच्या फोनचे पुढे काय केले ते सांगतो. आधी दोन दिवस त्याला तसाच राहू दिला. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत सगळी अॅप नव्याने लावून घेत असतो, त्यात तो तापतो आणि मंदावतो. म्हणून पहिल्या दिवशीच 'गेला' म्हणून निकाल देऊ नये. दरम्यान कोठी पाहिली. बत्तीस जीबीची कोठी काठोकाठ. त्यात हजारो 'शुभ सकाळ', गुलाबाची फुले, गावातल्या प्रत्येक वाढदिवसाचे फलक. ते पुतण्याने बसून पुसले, नको ती अॅप काढली, फोटो एका कार्डावर उतरवून घेतले. पाचवा हिस्सा तरी कोठी मोकळी ठेवायची असे वहिनींना सांगितले. "धान्याची कोठी भरलेली असावी म्हणत्यात, ह्याची रिकामी असावी व्हय?" त्या म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही. फोन पूर्वीसारखा झाला नाही, पण कामापुरता झाला. खरे तर हे सारे अपडेट घेण्यापूर्वी करायचे असते, आणि चार-आठ दिवस थांबून, तोच फोन वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाला विचारून मग बोट लावायचे असते. पण तालुक्याहून निरोप येतो, 'आजच्या आज अपडेट करा', तेव्हा आठ दिवस थांबायची मुभा कोणाला आहे?

परतायच्या दिवशी सकाळी अंगणवाडीवरून चाललो होतो, म्हणून आत डोकावलो. वजनाचा काटा आढ्याला टांगलेला, झोळीत एक मूल, बाकीची रांगेत. वहिनींनी फोन उघडायला टाकला होता आणि तो खिडकीत ठेवला होता, तिथे रेंज जरा बरी मिळते. मांडीवर जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. त्या वजन वाचत होत्या, मदतनीस बाई मुलाला उतरवीत होत्या, आणि आकडा वहीत पडत होता. खिडकीतल्या फोनवर गोल चक्र फिरत होते. ते थांबेपर्यंत तिसरे मूल झोळीतून उतरले होते.